सातवा कॅम्प

खामगावचा शैलेश डिसेंबरच्या सुट्टीसाठी कोकणातल्या किनाऱ्यावरचा कॅम्प शोधत होता. एका ठिकाणी पाणी खोल, दुसरीकडे मोकाट कुत्री, तिसऱ्याला कुंपणच नाही. दोन लहान लेकरांचा बाप म्हणून त्याने सहा कॅम्प नापास केले. सातवा पसंत पडला; फोटोत त्याचे तंबू अगदी लागून लागून दिसत होते.

"तंबूपेक्षा रूम घेऊ ना. लेकराइले थंडी लागन," त्याची बायको रूपाली म्हणाली.

"मले अक्कल शिकवतं काय वं?"

शैलेश उठला. त्याने दाराची कडी लावली, भर थंडीत कूलर फुल्ल सोडला आणि केस धरून रूपालीचं डोकं कपाटावर आपटलं. ती खाली पडली, तेव्हा लाथा घातल्या. दम लागल्यावर त्याने कूलर बंद केला, घाम पुसला आणि कॅम्पवाल्याला फोन लावून मऊ आवाजात विचारलं, "दादा, लाटा जास्त नसतात ना? लेकरं लहान आहेत आमची."

सहा वर्षांची गार्गी पलंगाखालून बाहेर आली.

"पप्पा, तंबूत कूलर असते काय?"

"नाही बेटा. समुद्राची हवा असते तिथं, कूलर कायले लागते?"

गार्गी आईजवळ जाऊन बसली. आपल्या फ्रॉकने तिच्या ओठावरचं रक्त पुसत ती हळूच कानात म्हणाली,



"आई, तंबूतच जाऊ. तिथं तू वरडली का शेजारच्याइले आयकू येईन."