तुला काय आवडतं?

आपल्या मित्राच्या, कृष्णाजीच्या बायकोचं दहावं आटोपून हरिभाऊ जे. पी. नगरच्या घरी परतले. आंघोळ केली आणि थेट स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "हेमा, तुला खायला काय आवडतं गं?"

अख्ख्या संसारात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. हेमलताबाईंनी गॅस बंद केला. परवा त्यांच्या तपासणीनंतर डॉक्टर हरिभाऊंशीच, त्यांना न कळणाऱ्या कानडीत, हळू आवाजात काहीतरी बोलले होते.

"खरं सांगा, माझ्या रिपोर्टमध्ये काय निघालं?" त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"तुझं सगळं नीट आहे गं." हरिभाऊ खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले.

"कावळा शिवेना. भटजी म्हणाले, वहिनींच्या आवडीचं काहीतरी ठेवा... आणि कृष्णाजी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला."