पहिल्या रांगेतल्या खुर्च्या

आमच्या फुटबॉल क्लबच्या सामन्यांना चिटपाखरूही फिरकेना. शेवटी मैदानाच्या मालकाने बजावलं, “या मोसमात बाकं भरली नाहीत, तर इथे गाड्या उभ्या करायला जागा देऊन टाकीन.”

न चुकता येणारी एकच बाई होती, आमच्या गोलकीपरची सासू. बॉल जाळ्यात गेला की ती उभी राहून ओरडायची, “अरे ठोंब्या, दार सताड उघडं टाकून झोपलास काय!”

सेक्रेटरीने तिला विचारलं, “मावशी, आम्ही सारखे हरतो, तरी तुम्ही येता कशा?”

“घरी ‘अहो जावईबापू, अजून थोडं घ्या ना’ करून जीभ आखडते रे बाबा. इथे कसं मोकळं वाटतं!”

सेक्रेटरीच्या डोक्यात प्रकाश पडला. संघातल्या झाडून सगळ्या जावयांच्या सासवांना त्याने पहिल्या रांगेत फुकट खुर्च्या दिल्या. त्यांची तोंडं सुटलेली ऐकायला अख्खा मोहल्ला लोटला, बाकं कमी पडली, आणि मैदान वाचलं.



प्रेक्षक आता हलायला तयार नाहीत. खेळाडू कसे टिकवायचे, यावर उद्या बैठक आहे.