विहिरीत सोडलेला कॅमेरा

"त्ये यंत्र हितल्या हिरीत सोडून दावा की, बाई," चांगुणा म्हणाली, तेव्हा पोरं आधी हसली आणि मग तीच मागणी ओरडून करायला लागली.

शाळेच्या पटांगणात टेम्पो उभा होता. टेम्पोच्या पाठीवर मोठा, उन्हातही दिसणारा एलईडीचा पडदा, आणि पडद्यावर भार्गवी मॅडमनी नुकताच खोल समुद्राचा सिनेमा दाखवला होता. ऊन पोचत नाही तिथले मासे, आपला दिवा आपणच घेऊन फिरणारे. तळाला पडलेला देवमाशाचा सांगाडा. दुष्काळी कर्जत तालुक्यातल्या पोरांनी समुद्र कुठला बघायला, पण अशी डोळे लावून बसली होती की खिचडीची घंटा झाली तरी एक पोर उठलं नाही. पुण्याची ही बाई सांगायचीही छान. "तळाला जे जातं ना, ते तिथंच राहतं. आपण फक्त दिवा घेऊन खाली जायचं," असं ती माईकवर म्हणाली, तेव्हा खिचडी शिजवणारी चांगुणा हातात उलथणं घेऊन तिथंच थबकली होती.

यंत्र म्हणजे लांब वायरला बांधलेला कॅमेरा. नारळाएवढा, पुढं दोन दिवे. समुद्रात काय सोडतात ते पोरांना कळावं म्हणून आणलेला.

"हिरीत काय बघायचंय?" शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब खुर्चीतूनच बोलले. विहीर त्यांचीच, शाळेच्या कुंपणाला लागून. "गाळ हाय नुसता. शाळंचा हौद हाय की, त्यात सोडा."

"हौदाचा तळ तर वरूनच दिसतो, काका," भार्गवी हसली. "त्यात काय मजा?"

पाहुणी बाई, तिला काय ठाऊक. गावाला ठाऊक होतं. चांगुणाची लेक पूजा आप्पासाहेबांच्या घरात दिली होती, त्यांच्या पोराला, वाल्मिकला. मागच्या दिवाळीत ती कुणाचा तरी हात धरून पळून गेली. असं आप्पासाहेब म्हणाले आणि गावानं मान डोलावली. मान डोलवायला गावाचं काय जातं? चांगुणा मात्र भेटेल त्याला एकच विचारायची, माझी पूजा कुठं हाय? सुरुवातीला लोक थांबून ऐकायचे. पुढं पुढं तिला बघून वाट बदलायला लागले.

टेम्पो मागं घेऊन विहिरीला लावला. "पोरं पडली-बिडली तर जिम्मेदारी कुनाची?" आप्पासाहेब उठून उभे राहिले. मास्तरांनी पोरांना मागं रेटून पडद्यासमोर बसवलं.

वायर सुटली. पडद्यावर हिरवं पाणी आलं, मग काळं. "चला, आपण निघालो खोल समुद्रात," भार्गवी माईकवर सिनेमातल्याच आवाजात सांगू लागली. "वरून हे भुरभुर पडताना दिसतंय ना, समुद्रातही असंच सारखं पडत असतं." एक बेडूक पुढून गेला तर पोरांनी टाळ्या पिटल्या. कपारीत अडकलेली एक चप्पल दिसली. "बघा बरं, कुणाची हरवली होती?" पोरं खिदळली.

चांगुणानं पदराचं टोक दातात धरलं होतं. मागणी तिनंच केली होती, आणि आता तिला भीती वाटत होती. तळाला काही नसावं, एवढंच तिला हवं होतं. नुसता गाळ निघाला असता तर ती गुमान जाऊन खिचडी वाढायला बसली असती.

तळ आला. गाळ उठला आणि सावकाश खाली बसला.

दिव्यांच्या उजेडात एक काळा, चौकोनी दगड दिसला. त्याला पिवळा नायलॉनचा दोर करकचून बांधलेला. दोराच्या दुसऱ्या टोकाला गाळाचा लांबट ढीग होता.

"हा दगड कसला असेल?" भार्गवीनं विचारलं. "कुणी ओळखेल?"

मागं बायकांत कुणीतरी पुटपुटलं, "अगं बया. फुटका पाटा."

सगळ्यांनीच ओळखला. पूजाच्या रुखवतातला पाटा टेम्पोतून उतरवताना त्याचा कोपरा उडाला होता. फुटका पाटा देऊन बोळवण केली म्हणून आप्पासाहेबांनी भर मांडवात एवढा तमाशा केला होता की पुढं गाव त्या पोरीला फुटक्या पाट्याचीच म्हणायचं. पडद्यावरच्या दगडाला एक कोपरा नव्हता.

भार्गवी उत्तराची वाट बघत राहिली. कुंपणापलीकडं वाल्मिकची मोटारसायकल सुरू झाली आणि आवाज लांब लांब गेला.

"गावात पाट्यांना काय तोटा हाय?" आप्पासाहेब म्हणाले. "कुनीबी टाकला आसंल."

चांगुणा त्यांच्याकडं वळली. तिचा आवाज चढला नाही.

"पाव्हणं, पळून जानारी बाई पाटा संगं घेऊन जाती व्हय?"

आप्पासाहेबांनी टेम्पोवाल्याला हात केला. "बंद कर रं त्ये. लाईट बंद कर आदी."

भार्गवीला आता कळलं होतं. तिनं माईक खाली ठेवला आणि वायर वर ओढायला घेतली.

चांगुणानं वायरीवर हात ठेवला.

"नका वढू, बाई. दिवा ऱ्हाऊ द्या तिथंच. दिवाळीपासनं अंधारात हाय ती."