मानेवरची चकाकी

शुहरतने आपल्या दोस्ताच्या, दवरोनच्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा काढल्या, मानेच्या पुढच्या, सुरांचे पडदे असलेल्या पट्टीला दोन्ही कडांनी कागदी चिकटपट्टी लावली आणि भांडी घासायची नवी हिरवी घासणी घेऊन तो अंगणात, द्राक्षांच्या मांडवाखाली बसला. गिटारच्या मानेची मागची बाजू काचेसारखी लकाकत होती. घासणी चार वेळा फिरली आणि तेवढ्या भागाचं तेज गेलं.

हे करायचं त्याच्या वर्षभर मनात होतं. कोकंद शहराच्या उन्हाळ्यात लग्नांमधून वाजवताना घामाने त्याचा अंगठा त्या पॉलिशला चिकटायचा. वेगाची जागा आली की हात मागे राहायचा. पण गिटार दवरोनची. रशियात बांधकामावर जाताना त्याने ती शुहरतच्या हाती दिली होती. "वाजव रे. नुसती टांगून ठेवलीस तर रुसेल," म्हणाला होता. दवरोनचे हात कोरडे. त्याला ती चकाकी फार आवडायची; कार्यक्रम संपला की मऊ फडक्याने पुसायचा. म्हणून शुहरतने आजवर तिचा एक स्क्रूसुद्धा हलवला नव्हता.

वसंतात दवरोन परांचीवरून पडला. तेव्हापासून तिकडच्या इस्पितळात बेशुद्ध होता. काल त्याच्या घरी सगळे जमले. थोरल्या काकांनी दुआ मागितली आणि मग हळूच म्हणाले, "आता त्याला इकडे आणायची सोय बघून ठेवायला हवी." कशाची सोय, ते सगळ्यांना कळलं; दफनाची. शुहरत तिथे रडला. खरंच रडला.

आणि आज, संध्याकाळच्या लग्नाआधी, तो घासणी घेऊन बसला होता.

अर्धी मान झाली आणि फाटक धाडकन उघडलं.

"अका! शुहरत-अका!"

दवरोनची बायको मावलुदा, शुहरतला थोरला भाऊ मानून 'अका' म्हणणारी, धावत आली. डोक्यावरचा रुमाल खांद्यावर आला होता, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात सासूची. "शुद्धीवर आले, अका! डोळे उघडले! सकाळी बोलले! पहिलं काय म्हणाले असतील? चहा फार पांचट आहे म्हणे!"

ती हसत होती आणि रडत होती. शुहरत उठला. गिटार लपवायला जागा नव्हती.

मावलुदाचं लक्ष गेलं. त्याच्या गुडघ्यांवर पडलेली पांढरी भुकटी, हिरवी घासणी, ती लावलेली चिकटपट्टी.

"तुम्ही साफ करताय? त्यांच्यासाठी?"

शुहरत गुडघ्यांवरची भुकटी झटकू लागला.

"घरात सगळ्यांनी आशा सोडली, अका," ती म्हणाली. "मीसुद्धा. काल काका ते बोलले, तेव्हा मी चहा ओतत राहिले. 'नाही' म्हणाले नाही. आणि तुम्ही इथे त्यांची गिटार घासून ठेवताय." तिने त्याचा भुकटीने माखलेला हात धरला आणि आपल्या डोळ्यांना लावला.

"मावलुदा, ऐक माझं..."

तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर दवरोन होता. डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले.

"बघा तरी, अका काय करतायत!" म्हणत तिने एका हाताने गिटार उचलली आणि शुहरतने अडवायच्या आत उलटी करून फोनसमोर धरली.

दवरोन बघत राहिला. चिकटपट्टी बघितली. चकाकी जिथे संपत होती ती रेघ बघितली. तिकडे कुठलंतरी यंत्र टुक टुक करत होतं.

"दवरोन," शुहरत म्हणाला, "मला वाटलं..."



"काय वाटलं?" मावलुदाने विचारलं.

"इकडे सगळ्यांना तसंच वाटलं होतं," दवरोन म्हणाला. त्याचा आवाज खरखरीत आणि बारीक झाला होता. "डॉक्टरांनाही."

"मी थांबतो. पुन्हा पॉलिश चढवून घेतो, जशी होती तशी..."

"वेडा आहेस का? अर्धी कशाला ठेवतोस? पूर्ण कर. मधे रेघ राहिली तर वाजवताना तुझा हात अडखळेल."

"ऐकलंत ना?" मावलुदा म्हणाली. "आता आजारी माणसाचा शब्द मोडू नका." तिने फोन चहाच्या किटलीला टेकवून उभा केला, दवरोनला नीट दिसेल असा. मग खाली बसली, बाह्या सारल्या आणि गिटारचं धड मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"घासा अका. मी धरते."

किटलीपाशी दवरोन पापणीही न हलवता बघत होता. शुहरतने मान खाली घातली आणि घासायला सुरुवात केली.