हार्मोनियमवाला

"आबा, लावू न शेवटचा भाग?"

ईराचं बोट रिमोटवर होतं आणि तिचे आबा, नंदकिशोर, खुर्चीत चुळबुळत होते.

बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी मोहल्ल्यात टीव्ही एकट्या नंदकिशोरांकडे होता. तेव्हा रविवारी सकाळी जे सतरंजीवर दाटीनं बसायचे, तेच आज गुडघे सांभाळत खुर्च्यांवर बसले होते. नातीनं ती जुनी जासूसी मालिका कुठूनशी शोधून काढली होती. सहा दिवसांत बारा भाग झाले. शेजारच्या शेवंताबाई रोज मुरमुऱ्याचा चिवडा आणत. इन्स्पेक्टरनं टोपी काढली की सगळे एका सुरात त्याच्या आधी त्याचं वाक्य म्हणत आणि मग आपणच हसत.

आज तेरावा भाग. तो मात्र मोहल्ल्यात कोणीच पाहिला नव्हता. त्या रविवारी ऐन वेळेला वीज गेली, ती दिवेलागणीलाच आली. दुसऱ्या दिवशी नंदकिशोर जंगल खात्याच्या दफ्तरातून परतले तेव्हा सगळा मोहल्ला त्यांच्या ओट्यावर बसला होता. दफ्तराच्या फोनवरून जबलपूरच्या दफ्तरात कोणाला तरी शेवट विचारून येतो, असं ते सांगून गेले होते ना! फोन लागलाच नव्हता. पण ते चेहरे पाहून त्यांच्या तोंडून 'नाही' निघेना.

"खुनी कोन, सांगू?" ते म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास ओटा त्यांचा होता. हवेलीत गाणं शिकवायला येणारा तो आंधळा हार्मोनियमवाला! आंधळा नव्हताच तो. वाटेत पडलेलं फूल त्यानं पाय उचलून ओलांडलं आणि इन्स्पेक्टरनं तिथंच त्याचा हात धरला.

तेव्हापासून मोहल्ल्यात कोणी पाहून न पाहिल्यासारखं केलं की त्याला विचारत, "काहून गा, हार्मोनियमवाला झाला का?" भजनात पेटी वाजवणाऱ्या डोमाजीला तर लहानथोर सगळे 'खुनी'च म्हणत. आणि घरी पाहुणा आला की नंदकिशोरांच्या पत्नी, संध्याबाई, चहाचा कप ठेवता ठेवता हमखास म्हणत, "तो शेवट सांगा न."

आज त्या काही म्हणणार नव्हत्या. सोमवार होता. सोमवारी सकाळपासून तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत मौन, हा त्यांचा माहेरापासूनचा नेम. कोपऱ्यात त्या वाती वळत बसल्या होत्या.

भाग सुरू झाला. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना हवेलीत गोळा केलं. हार्मोनियमवाला काठी टेकत दारात आला, तसा डोमाजी उठून उभा राहिला आणि त्यानं चहूकडे हात जोडले. "घ्या, आलो मी! बेड्या तयार ठेवा." हसून हसून शेवंताबाईंना ठसका लागला.

नंदकिशोरांना मात्र हसू येईना. इन्स्पेक्टरनं टोपी काढली.

"थांबव, बेटा."

पडद्यावर टोपी हातातच राहिली.

"मले काही सांगाचं हाय," नंदकिशोर उभे राहिले. "त्या दिवशी फोन लागलाच नव्हता. तो शेवट माझ्या मनचा होता. मी बनवून सांगतलं तुमाले."

 मग डोमाजी सावकाश त्यांच्याकडे वळला.

"म्हणजे बाबूजी, पस्तीस वर्षं मी फुकटात खुनी?"

बैठक अशी हसली की चिवड्याची परात कलंडली. "लाव वो पोरी," डोळे पुसत शेवंताबाई म्हणाल्या. "पाहू तरी, खरा कोन होता त."

खरा खुनी हवेलीचा वकील निघाला. दोन वाक्यांत त्यानं गुन्हा कबूल केला, जीप सुरू झाली, नावं वर सरकू लागली. हार्मोनियमवाला खरंच आंधळा होता. बिचारा शेवटपर्यंत खांबाला टेकून बसला होता.

"बस? येवढंच?" डोमाजीचा चेहरा उतरला.

सगळे तसेच पडद्याकडे पाहत होते. संध्याबाईंनी मात्र वातींवरून नजर उचललीच नव्हती. ऊन अंगणातून सरकलं, तशा त्या उठल्या. तुळशीपाशी दिवा लावला, हात जोडले आणि आत आल्या.

"वकीलच होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. दिवसभरातला त्यांचा पहिला शब्द. "मी नागपूरले मामाच्या घरी पाह्यलता."

नंदकिशोर त्यांच्याकडे वळले. "कधी?"

"त्याच रविवारी. सोमवारी छोट्या लाइनीच्या रेल्वेनं परत आलती न मी. सोमवारी कशी बोलू? दिवा लावून ओट्यावर आली, त तुमी फुलापर्यंत पोचले होते."

"अन् मंगळवारी? मंगळवारी काहून नाही सांगतलं?"

संध्याबाई हसल्या. "फूल कसं ओलांडलं, ते तुमी ओट्यावर सोता चालून दाखवलं. लेकरं टाळ्या वाजवून राह्यली होती. वकील कोनाले पाह्यजे होता?"

त्यांनी वातींचं तबक बाजूला ठेवलं आणि पदर सावरून सगळ्यांच्या पुढे सतरंजीवर बसल्या.

"टीव्ही बंद कर, ईरा. डोमाजीभाऊ नाराज बसले." मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तो शेवट सांगा न."