खिशाएवढं कापड

"शर्ट कापू नका," साहेब दारातूनच म्हणाला. "नीट काढा आणि माझ्याकडे द्या."

सिस्टरनी मान वर केली नाही. ट्रॉलीवरच्या माणसाचा उजवा हात कोपरापासून खाली चिरडला होता. बाही कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. असा शर्ट नीट काढायचा म्हणजे हात ओढायचा. त्यांनी खिशातून कात्री काढली. कातडीला टोचू नये म्हणून तिचं खालचं पातं टोकाला बोथट होतं. बावीस वर्षांत त्या कात्रीनं बँडेजं कापली, बूट कापले, हेल्मेटचे बंद कापले. एकदा एका नवरदेवाचा कोरा सूट कापला, तर शुद्धीवर आल्यावर तो मोडलेल्या पायापेक्षा सुटासाठीच जास्त रडला होता.

त्यांनी बुटाच्या नाड्या कापल्या, पट्टा कापला, पँट घोट्यापासून कमरेपर्यंत उभी चिरली. पँटच्या खिशात मोबाइल निघाला. तो वॉर्डातल्या मावशींच्या हातात देऊन त्यांनी घरच्यांना फोन लावायला सांगितलं.

साहेबाचं म्हणणं, तो या माणसाला ओळखतही नाही. रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला, माणुसकी म्हणून गाडीत घालून आणला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत नवा शर्ट, कॉलरच्या टाचण्यासुद्धा अजून तशाच. हा त्याला घाला, म्हणाला. ज्याचा हात राहतो की जातो याचा पत्ता नाही, त्याला नवा शर्ट घालायची एवढी घाई का, हे सिस्टरना उमजेना.

कात्री मनगटाशी लागली तसे त्या माणसानं डोळे उघडले.

"नका कापू, सिस्टर," तो पुटपुटला. "कंपनीचा शर्ट आहे."

साहेब खिडकीबाहेर बघू लागला.

सिस्टरनी त्या माणसाच्या छातीवरचं ग्रीस बोळ्यानं पुसलं. खिशावर पिवळ्या दोऱ्यानं कंपनीचं नाव भरलं होतं, खाली नंबर, चारशे अठरा. आता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: हा कंपनीचा कामगार असल्याचा पुरावा साहेबाला नाहीसा करायचा होता. कापावाच लागेल दादा, असं म्हणत त्यांनी बाही खांद्यापर्यंत कापत नेली. डॉक्टरांनी हात पाहिला आणि त्याला ताबडतोब ऑपरेशनला हलवलं.

साहेबानं शर्टाला हात घातला, पण सिस्टरनी तो आधीच उचलला होता.

"पेशंटचे कपडे नातेवाइकाला मिळतात, सही घेऊन. तुम्ही कोण लागता यांचे?"

"कोणी नाही. सांगितलं ना, रस्त्यावर सापडला."

"मग तुम्हाला कसे देऊ? तुमच्याकडे कामाला असतील तर तसं लिहा, सही करा आणि घेऊन जा." त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. वर पेन उघडून ठेवलं.

साहेबानं पेनाला हात लावला नाही. त्याचा सूर मात्र बदलला. मोठ्या डॉक्टरांशी आपली ऊठबस आहे, लांबच्या दवाखान्यात बदली व्हायला एक फोन पुरतो, असं काहीबाही बोलून तो फोन लावायला व्हरांड्यात गेला.

सिस्टरच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. लांबची बदली म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी हातातल्या शर्टाकडे पाहिलं. एवढं बोचकं दवाखान्याच्या फाटकापर्यंत तरी पोचेल याची खात्री नव्हती. खिसा मुठीत मावतो. त्यांनी पुन्हा कात्री उचलली आणि भोवती बोटभर कापड राखून खिसा कापून काढला, पाकिटात घातला, रजिस्टरमध्ये कंपनीचं नाव आणि नंबर लिहून डॉक्टरांची सही घेतली.

अर्ध्या तासात त्या माणसाची बायको धावत आली, पायांत दोन वेगळ्या चपला. सिस्टरनी तिला बाकावर बसवून सगळं समजावलं. हात वाचेल का, ते आताच सांगता येत नाही, हेही लपवलं नाही. तिनं कपड्यांसाठी सही केली. पाकिटातला खिसा बाहेर काढून, अंगठ्यानं चोळून पाहिला. रक्त वाळायच्या आत धुवून टाकते, म्हणाली.

"बाकीचं धुवा, ताई. हे धुवू नका."

बाईनं ती पिवळी अक्षरं आणि खालचा नंबर वाचला. मग तिनं खिसा पाकिटात घातला, पाकीट कमरेला खोचलं आणि व्हरांड्यात गेली. सिस्टर दाराशी उभ्या राहिल्या.

साहेब लगबगीनं पुढे आला. "वहिनी, द्या ते कपडे. तुम्ही कशाला त्रास घेता? मी धुवून पाठवतो."

"घ्या," ती म्हणाली, आणि बोचकं त्याच्या हातात दिलं.

त्यानं घाईघाईनं शर्ट उलगडून समोर धरला. छातीवर चौकोनी भोक होतं, आणि त्या भोकातून ती बाई दिसत होती. जागची हलली नव्हती.