हवेतली थप्पड

शरयूताईंच्या नवऱ्याच्या शोकसभेत त्याचे सहकलाकार जयवंतराव रंगात आले होते. "गाणं म्हणू नका, नाटक म्हणू नका, रिटायर झाल्यावरही कलेचं वेड! खलनायक होऊन त्यानं तीस वर्षं मला रंगमंचावर थोबाडलं, पण एकदाही लागू दिलं नाही. तो हात हवेत फिरवायचा, आवाजासाठी टाळी मी वाजवायचो."

सभागृह हसलं. शरयूताईंनी ऐकू येणारा उजवा कान पुढे केला. डावा घरच्या तालमीत गेला होता. नाटकाची वही धरून त्या नवऱ्यासमोर बसायच्या. तो वाक्य विसरला, की त्यांच्या कानाखाली वाजायची.

"वहिनी, या! तुम्ही हात फिरवा, टाळी मी वाजवतो."

त्या उठल्या. टाळीआधीच आवाज झाला. जयवंतरावांनी गाल धरला.

"ही अशी लागते, भावजी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं तुमच्या वाट्याच्याही मीच खाल्ल्या."